आमेन तिलाही म्हणावं लागलं

द्वारका साळवे हे नाव ऐकलं की लोक आधी तिच्या कपाळाकडे बघतात. कुंकू दिसत नाही म्हटल्यावर गोंधळतात. "ख्रिश्चन? आणि नाव द्वारका?" मग ती सांगते, "नाव आजीनं ठेवलं, धर्म आजोबानं घेतला. दोघांचं एकमेकांशी कधी पटलं न्हाई." एवढं बोलून कामाला लागते. मूळची लोणी काळभोरची. अर्धं आयुष्य पुण्यात गेलं तरी तोंडातलं 'हाय' आणि 'न्हाई' गेलेलं नाही.

कर्वेनगरातल्या एका गल्लीत वृद्धाश्रम आहे, तिथे ती आया होती. आया म्हणजे काय करते, हे ज्यांचे आईबाप तिथे आहेत त्यांना विचारू नका, त्यांना माहीत नसतं. आंघोळी घालायच्या, लंगोट बदलायचे, कवळ्या धुऊन वाटीत ठेवायच्या, आणि "माझा मुलगा आला का गं?" या प्रश्नाला रोज नवं उत्तर शोधायचं. या बायकांची संघटना मी चालवते. मी सातवी पास. कायदा लेबर ऑफिसच्या बाकावर बसून शिकले. माणसं ओळखण्यात मला कुणी फसवू शकत नाही, असं मी छातीठोक सांगायचे. द्वारकानं फसवलं. राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला समजुतीचं सांगायला येऊ नये.

आश्रमात तिची जोडीदार होती नसीमबानू. मोमीनपुऱ्यातली, विधवा, एक मुलगा शाहिद, गॅरेजात कामाला. या दोघींचा एक करार होता. कुणी लिहून दिला नव्हता, मॅनेजरला तर पत्ताही नव्हता. रविवारी सकाळी द्वारका चर्चला जाई, तेव्हा तिच्या वाटच्या आज्यांच्या आंघोळी नसीम घालायची. शुक्रवारी दुपारी नसीम चादरी ठेवायच्या खोलीत दार लोटून नमाज पढायची, तेवढा वेळ तिच्या आज्यांकडे द्वारका बघायची.

"रविवार तुझा, शुक्रवार माझा," नसीम म्हणायची.

"आणि सोमवार ते गुरुवार मॅनेजरचा," द्वारका म्हणायची. "शनिवारचं कुणी इचारू नका, शनिवारी पाणी नसतं."

मला या दोघींचं फार कौतुक. सभांमधून मी त्यांचं उदाहरण द्यायचे. इतकं चांगलं उदाहरण हातात आलं की जपून वापरावं, हे तेव्हा कळलं नाही.

गेल्या उन्हाळ्यातला एक शुक्रवार. वेणूबाई नावाच्या आजी होत्या, नसीमच्या वाटच्या. सकाळी थंडी वाजते म्हणून त्यांना दुपारी ऊन पाण्यानं आंघोळ लागायची. नसीमनं त्यांना न्हाणीघरातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. शेजारच्या न्हाणीघरात द्वारका बादली भरत होती. "द्वारका, आजींकडे बघ गं, मी जाते," असं नेहमीसारखं म्हणून नसीम निघाली. उत्तराला थांबली नाही. दर शुक्रवारचंच होतं ते.

थोड्या वेळानं आजी खुर्चीवरून फरशीवर पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. खुर्चीवर बसवलेल्या माणसाच्या अंगावरचा हात काढायचा नाही, हा आमच्या कामातला पहिला धडा. आजींच्या परदेशातल्या मुलानं फोनवर आश्रम डोक्यावर घेतला. ड्यूटीच्या तक्त्यावर नाव नसीमचं होतं. मॅनेजरनं दोघींना समोर उभं केलं.

नसीम म्हणाली, "मी द्वारकाला सांगून गेले होते."

द्वारका म्हणाली, "नळ सुरू व्हता. मला ऐकूच आलं न्हाई."

संपलं. आजींना विचारण्यात अर्थ नव्हता, त्यांचा विसराळूपणा इतका वाढलेला की त्या सगळ्यांनाच बेबी म्हणायच्या. मॅनेजर नसीमला म्हणाला, "नमाज घरी पढायची असते, बाई. इथे पगार घेता ना?" आणि तिला त्याच दिवशी काढलं.

आता या सगळ्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. नसीमनं द्वारकाच्या बोलण्यावर विश्वास ठेवला. मला म्हणाली, "चूक माझीच आहे ताई. 'हो' ऐकल्याशिवाय मी निघायला नको होतं. नळाचा आवाज असतोच तिथे." आणि द्वारका रडत होती, तर हिनंच तिच्या पाठीवर हात फिरवला. "तू कशाला जिवाला लावून घेतेस? तुझा काय दोष?"

आम्ही आश्रमाच्या गेटवर धरणं धरलं. चौकशी नाही, नोटीस नाही, बाईला सरळ बाहेर काढता म्हणजे काय? त्या धरण्यात सगळ्यात मोठा आवाज द्वारकाचा. "नसीमबानूला! कामावर घ्या!" तिच्या गळ्याच्या शिरा फुगायच्या. मी खूश होऊन माइक तिच्या हातात दिला. शेजारच्या सोसायटीतले एक काका गॅलरीत येऊन म्हणाले, "अहो, आमची दुपारची झोप ही काही तुमच्या मागण्यांमध्ये बसत नाही." मी त्यांना खालून असं काही ऐकवलं की ते आत गेले. द्वारका मात्र थांबली नाही.

पुढे मी तिला विचारलं होतं, अगं, तोंड वर करून घोषणा कशा देववल्या तुला? तर म्हणाली, "मोठ्यानं वरडलं की आतलं ऐकू येत न्हाई."

कारण तिला सगळं ऐकू आलं होतं. नसीमची हाक ऐकून तिनं पाठमोऱ्या तिला हातसुद्धा केला होता. मग आजींच्या न्हाणीघरात गेली, दोन तांबे पाणी घातलं, आणि कमरेचा फोन वाजला. तिच्या मुलीचा, पूर्णिमाचा. पूर्णिमाचं लग्न ठरत होतं आणि मुलाकडचा निरोप यायचा होता. आत आवाज नीट येत नव्हता म्हणून द्वारका बाहेर पॅसेजमध्ये गेली. होकार आला होता. ती हसत होती, तेव्हाच आत धप्प झालं.

पुढचं मला तिनंच सांगितलं. मला ऐकायचं नव्हतं, तरी ऐकलं.

त्यांच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि इवल्याशा पेल्यात द्राक्षाचा रस. त्याआधी पाळकसाहेब सगळ्यांना गप्प बसायला सांगतात. प्रत्येकानं स्वतःच्या मनात उतरायचं, काय केलं ते देवापुढे कबूल करायचं. कुणाचं काही देणं-घेणं मनात राहिलं असेल तर आधी त्या माणसाशी मिटवायचं आणि मग पुढे यायचं. मग एकेक बाक उठतं, पुढे जाऊन कठड्याशी गुडघे टेकतं. जो उठत नाही तो एकटा बसलेला दिसतो. सगळ्या चर्चला दिसतो. गळ्यात पाटी अडकवल्यासारखा.

नसीमला काढलं त्यानंतरच्या पहिल्या प्रभुभोजनाला द्वारका उठली नाही. पुढच्या महिन्यातही नाही.

"घरी रोज गुडघे टेकायची मी," ती म्हणाली. "म्हणायची, देवा, मी खोटं बोलले. नळ सुरू व्हता हे खरं, ऐकू आलं न्हाई हे खोटं. एवढं सांगून झालं की वाटायचं आता हलकं वाटंल. कशाचं काय! तो म्हणायचा, मला काय सांगतेस? मला ठाऊकच हाय. जिला ठाऊक न्हाई तिला सांग."

"असं तो बोलतो?"

"बोलत न्हाई हो ताई. पण कळतं."

भगिनी मंडळाच्या प्रमुख आनंदीबाई भोसले. निवृत्त शिक्षिका, पांढरी साडी, काळा पट्टा असलेलं घड्याळ. त्यांची प्रार्थना ऐकून बायकांच्या डोळ्यांत पाणी येतं, असं त्यांच्याकडे सगळे सांगतात. दोनदा बसून राहिलेली द्वारका त्यांच्या नजरेतून सुटली नव्हती. पुढचं प्रभुभोजन आठवड्यावर आलं तेव्हा, एका शनिवारी, चर्चच्या आवारात त्यांनी तिला गाठलं. "मनात ठेवून सडशील गं. दोघींनी मिळून देवापुढे ठेवू या." आणि द्वारकानं ठेवलं. सगळं सांगितलं. आंघोळ, हाक, फोन, खोटं. नसीम बहिणीकडे सोलापूरला गेली होती, सोमवारी सकाळच्या एसटीनं परत येणार होती. द्वारकानं ठरवलं होतं की आपण स्वारगेटला जाऊन उभं राहायचं, तिची पिशवी हातात घ्यायची, आणि घरापर्यंत चालता चालता सांगायचं. समोर बसून सांगायची हिंमत नव्हती.

"तोवर कुणाला बोलू नका, बाई," ती आनंदीबाईंना म्हणाली.

"अगं, हे तू, मी आणि प्रभू," आनंदीबाई म्हणाल्या. दोघींनी हात हातात घेऊन प्रार्थना केली. द्वारका म्हणते की त्या संध्याकाळी तिला कित्येक आठवड्यांनी भूक लागली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, एकीच्या घरी भगिनी मंडळाची प्रार्थना होती. वीसेक बायका, खाली सतरंजी, स्वयंपाकघरात चहा उकळतोय. गाणी झाली. सगळ्यांनी डोळे मिटले आणि आनंदीबाईंनी मोठ्यानं प्रार्थना सुरू केली. आजाऱ्यांसाठी केली. परीक्षेच्या पोरांसाठी केली. मग आवाज खाली आला आणि गहिवरला.

"हे दयाळू बापा, तुझी लेक द्वारका आज आमच्यात आहे. तिच्या हातून वृद्ध माणूस पडलं, आणि तिनं खोटं बोलून निष्पाप नसीमबानूवर ठपका येऊ दिला, तिची रोजीरोटी गेली. बापा, तिला क्षमा कर. तिला बळ दे…"

द्वारकाचे डोळे मिटलेले होते. ती म्हणते, उघडायची भीती वाटली. उठून जावं, तर प्रार्थनेतून उठत नाहीत. बाई, गप्प बसा म्हणावं, तर प्रार्थनेला कोण आडवं जाणार? ती माणसाशी चाललेली नसते. आनंदीबाई थेट देवाशी बोलत होत्या आणि वीस बायका ऐकत होत्या. शेवटी सगळ्या एका आवाजात आमेन म्हणाल्या.

"मलापण म्हणावं लागलं," द्वारका म्हणाली. "माझ्याच तोंडानं. आमेन."

मग चहा आला.

त्या बायकांमध्ये एकीची सून सृष्टी होती. ती आमच्याच आश्रमात आया, आमच्याच संघटनेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. सोमवारी सकाळी तिनं ग्रुपवर आवाजी निरोप टाकला: काल आम्ही वीस जणींनी केली, आज सर्व बहिणींनी द्वारकामावशींसाठी प्रार्थना करावी, त्यांच्याकडून अमुक अमुक घडलं आहे. खाली जोडलेले हात. मी हातात ब्रश धरून ऐकत होते, तशीच उभी राहिले. दोन मिनिटांत फोन वाजला. नसीम एसटीतून बोलत होती.

"ताई, ऐकलंत?"

"ऐकलं. तू कुठे आहेस?"

"हडपसर आलं."

"स्वारगेटला थांब. मी येते."

मी रिक्षा केली. डोक्यात एकच चाललं होतं: गेटवरचा तो माइक. माझ्या हातानं दिलेला.

फलाटाशी पोचले, तर द्वारका आधीच तिथे उभी. धुतलेली साडी, हातात केळ्यांची फणी. मला बघून तिचा चेहरा उतरला. मी तिला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, छापण्यासारखं नाही. शेजारचा शेंगदाणेवाला पुड्या बांधायचा थांबला. तेवढ्यात एसटी लागली आणि नसीम उतरली. तिनं आमच्या दोघींकडे पाहिलं. द्वारका पिशवी घ्यायला पुढे झाली. नसीमनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"नसीम, मी तुला सांगायलाच आले—"

"ऐकलं मी. फोनवर. गाडीत सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात लागला तो निरोप."

"मी स्वतः येणार व्हते गं. शनिवारीच ठरवलं व्हतं. देवाशप्पथ."

"कशावरून?"

द्वारकानं केळी पुढे केली.

"बोल ना, कशावरून? काल वीस बायकांत तुझं बाहेर पडलं. आज तू केळी घेऊन आलीस. इतके दिवस कुठे होती तुझी केळी?" नसीमचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मी तुझ्या पाठीवर हात फिरवला गं. तू रडत होतीस आणि मी तुझ्या पाठीवर हात फिरवला. घरी शाहिद मला म्हणत होता, अम्मी, नीट सांगून जायचं ना. मी पोराची माफी मागितली."

ती निघून गेली. केळी द्वारकाच्याच हातात राहिली. मी म्हटलं, "खा आता." मीही निघून आले.

पण दोन दिवसांनी द्वारका माझ्या दारात. मी आत ये म्हटलं नाही. ती उंबऱ्याबाहेरच बसली आणि वर सांगितलं ते सगळं बोलली. "काम जाऊ दे, ताई. मी मॅनेजरला खरं सांगायला चालले. पण मी आपणहून येणार व्हते, एवढं नसीमला पटलं पायजे. ते फक्त आनंदीबाईंना ठाऊक हाय. त्यांनी एकदा येऊन नसीमला सांगितलं तर…" मग म्हणाली, "मी देवापुढं बोलले ते खरं व्हतं. तिथं एक माणूस जास्तीचं व्हतं, एवढंच चुकलं."

राग होता, पण दुसऱ्याला झापायची संधी मी सोडत नाही. गेले आनंदीबाईंकडे. स्वच्छ घर, भिंतीवर क्रूस, मला पाणी दिलं. मी म्हटलं, "अहो बाई, तुम्हाला विश्वासानं सांगितलेलं तुम्ही वीस जणींत फोडलंत?"

"मी कुणाची चुगली केली नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी प्रार्थना केली."

"नावानिशी?"

"देवापुढे आपण नाव लपवत नाही."

"देवाला नाव माहीत नव्हतं का? शेजारणीला माहीत नव्हतं."

त्यांनी पेला उचलून ट्रेमध्ये ठेवला. मी मुद्द्यावर आले. म्हटलं, "झालं ते झालं. आता एक करा. माझ्याबरोबर मोमीनपुऱ्यात चला आणि नसीमला सांगा की द्वारकानं शनिवारीच ठरवलं होतं, सोमवारी सांगणार म्हणून. एवढंच."

आनंदीबाई म्हणाल्या, "ते मला कसं सांगता येईल? ते तिनं मला गुप्तपणे सांगितलेलं आहे."

मी आयुष्यात पोलिसांपुढे, बिल्डरांपुढे, नगरसेवकांपुढे बोलायची थांबले नाही. तिथे थांबले. त्या चेष्टा करत नव्हत्या. त्यांना ते खरंच वाटत होतं. आणि तिकडे जायचं म्हणजे नसीमच्या घरात बसून आधी स्वतः काय केलं ते सांगावं लागलं असतं, हेही त्यांना कळत होतं. चप्पल घालताना मी विचारलं, "आता तुमच्या प्रभुभोजनाला तुम्ही उठणार?"

"का नाही उठणार?" त्या म्हणाल्या.

द्वारकानं मॅनेजरला सगळं सांगितलं. माझ्यासमोर सांगितलं, एक शब्द गाळला नाही, फोनवर हसत होते हेसुद्धा. मॅनेजर म्हणाला, "हे तुम्हाला आत्ता सुचलं?" तिला काढलं. तिच्यासाठी धरणं धरावं का असं दोघीतिघींनी विचारलं. मी म्हटलं, ज्यांना धरायचं त्यांनी धरावं. कुणी धरलं नाही. आता ती एका घरी पोळ्या करते. नसीमला आश्रमानं परत बोलावलं आणि ती गेली. पोट आहे.

मध्ये एका शुक्रवारी मी आश्रमात गेले होते, नसीम दुपारी वेणूबाईंना अंथरुणातच पुसून घेत होती. त्या आता उठत नाहीत. माझ्या मनात राहिलं होतं म्हणून विचारलं, "नसीम, तुला काय वाटतं? ती आपणहून आली असती का?"

तिनं आजींचा हात टॉवेलनं पुसला, बोटं एकेक करून. "ताई, ते तिच्या देवाला माहीत असेल. मला कसं कळणार?" मग म्हणाली, "चादरींच्या खोलीत मी आता जात नाही. घरी गेल्यावर राहिलेली नमाज पढते. इथे कुणाला हाक मारून जाऊ?"

त्याच्या पुढच्या महिन्यात, पहिल्या रविवारी, मी द्वारकाच्या चर्चला गेले. मला देवाधर्माचं फार कळत नाही. नसीमचं उत्तर तिला फोनवर सांगवेना, म्हणून गेले. ती मागच्या बाकावर होती. मी शेजारी बसून हळूच सांगितलं. चादरींच्या खोलीचंही सांगितलं. तिनं मान हलवली. पदर तोंडाला लावला आणि समोर बघत राहिली.

पाळकसाहेबांनी सगळ्यांना गप्प बसून स्वतःला तपासायला सांगितलं. पंख्यांचा आवाज तेवढा राहिला. मग बाकं उठू लागली. सगळ्यांत पुढे आनंदीबाई, पांढऱ्या साडीत, कठड्याशी गुडघे टेकून. आमच्या बाकावरच्या बायका आमच्या पायांवरून वाट काढत गेल्या. पाळकसाहेबांनी लांबून द्वारकाकडे पाहिलं, हातानं हलकेच बोलावलं. ती उठली नाही.

"जा की," मी म्हटलं. "त्यानं माफ केलंय म्हणतात ना तुमच्यात?"

"त्याचं माझं मिटलंय," द्वारका म्हणाली. "नसीमचं माझं राह्यलंय."

उपासना संपली. बाहेर आवारात आनंदीबाई आमच्याकडे आल्या. माझ्याकडे न बघता त्यांनी द्वारकाचा हात दोन्ही हातांत घेतला. डोळे खरोखर भरून आलेले. "द्वारका, मी रोज तुझ्यासाठी प्रार्थना करते गं."

द्वारकानं हात सोडवून घेतला. साडी सारखी केली.

"मनात करा, बाई," ती म्हणाली, आणि गेटकडे चालू लागली.